पर्सेंटाइल ४२

रात्री साडेनऊला धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, बेचाळीसच आलेत गं तिला." आवाज रडवेला होता. माझी भाची साडेसहा वर्षांची, पहिलीत आहे. शाळेने सगळ्या मुलांची भाषेची प्रमाणित चाचणी घेतली होती आणि तिचा निकाल दप्तरातून घरी आला होता. त्यावर दोन-तीन रकाने, एक आलेख आणि ठळक अक्षरांत 'पर्सेंटाइल ४२'. घरातल्या सगळ्यांनी ते शंभरपैकी ४२ असं वाचलं. म्हणजे काठावर पास.

हा घोटाळा होणं अगदी स्वाभाविक आहे, कारण तो कागद कसा वाचायचा हे कुणी सांगतच नाही. टक्के सांगतात की मुलाने किती प्रश्न सोडवले. पर्सेंटाइल सांगतो की किती मुलं त्याच्या मागे आहेत. त्याच वयाची शंभर मुलं गुणांप्रमाणे ओळीत उभी केली, तर भाचीच्या मागे साधारण ४२ जण असतील, एवढाच त्याचा अर्थ. तिने चाळीसपैकी तीस प्रश्न बरोबर सोडवलेले असू शकतात आणि तरीही पर्सेंटाइल ४२ येऊ शकतो. पेपर सोपा असेल आणि बाकीच्यांनाही छान जमला असेल, तर तसंच होणार.

ही ओळ कुठून येते? चाचणी छापण्याआधी ती मुलांच्या एका मोठ्या गटाला देऊन पाहतात. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत सूचना, तेवढाच वेळ आणि तपासण्याची तीच रीत. 'प्रमाणित' शब्दाचा अर्थ हाच. या गटाचे गुण मांडून जो तक्ता तयार होतो, त्यात नंतरच्या प्रत्येक मुलाची जागा शोधली जाते. म्हणून शाळेला विचारायचा पहिला प्रश्न असा, की तुलना कोणत्या मुलांशी केली आहे आणि ती वयाच्या महिन्यांनुसार आहे की इयत्तेनुसार? सहाव्या वर्षी हा फरक फार मोठा असतो. एकाच वर्गात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मुलात अकरा महिन्यांचं अंतर असू शकतं, आणि सहा वर्षांच्या मुलासाठी अकरा महिने म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा.

बहिणीला मी यापुढची गोष्ट कागद-पेन घेऊन दाखवली, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. अशा बऱ्याच चाचण्यांमध्ये सरासरी १०० धरतात आणि गुणांचा पसारा १५ च्या पायरीने मोजतात. ८५ ते ११५ या पट्ट्यात साधारण ६८ टक्के मुलं येतात. म्हणजे ओळीच्या मधोमध प्रचंड गर्दी असते आणि टोकांना विरळ. या मोजपट्टीवर पर्सेंटाइल ४२ म्हणजे ९७ गुण. सरासरीपेक्षा फक्त तीन कमी! गर्दीत उभं असताना एक-दोन प्रश्न इकडेतिकडे झाले, तरी मूल पाच-दहा जागा पुढे किंवा मागे सरकतं. टोकाला तेवढंच सरकायला बरेच जास्त गुण लागतात.

शिवाय प्रत्येक मोजमापात चूक असते. इथे चूक म्हणजे कुणाची हलगर्जी नव्हे. त्याच मुलाला तीच चाचणी वेगळ्या दिवशी दिली, तर गुण थोडे बदलतातच. चाचणीची विश्वासार्हता, म्हणजे पुन्हा घेतली तर जवळपास तसेच गुण येण्याची खात्री, १ पैकी ०.९० असेल, आणि ती चांगलीच समजली जाते, तर वरच्या मोजपट्टीवर ही चूक पाचेक गुणांची भरते. मग ९७ म्हणजे ९२ ते १०२. याचे पर्सेंटाइल काढले तर ३० ते ५५! तेही तीनपैकी दोन वेळा. अधिक खात्री हवी असेल तर पट्टा आणखी रुंद करावा लागतो, साधारण २१ ते ६६ इतका. कागदावर ठळक छापलेला ४२ हा या पट्ट्यातला एक ठिपका आहे. पट्टा न दाखवता नुसता ठिपका छापणं मला अन्यायाचं वाटतं. काही निकालपत्रांवर तो आलेखात फिकट रेघेने दाखवलेला असतो, तो जरूर शोधावा.

लहान मुलांच्या बाबतीत हा डळमळीतपणा आणखी वाढतो. झोप झाली नसेल, परीक्षा घेणारी बाई अनोळखी असेल, तर आकडा हलतो. आणि कधी कधी मूल प्रश्नकर्त्यापेक्षा वेगळा विचार करतं. एकदा मी एका मुलाशेजारी बसले होते. चित्रं चार होती : पक्षी, मधमाशी, विमान, फुलपाखरू. वेगळं कोणतं? अपेक्षित उत्तर विमान, कारण ते सजीव नाही. त्याने फुलपाखरावर बोट ठेवलं. का, असं विचारल्यावर म्हणाला, "ते उडताना आवाजच करत नाही." उत्तरपत्रिकेत हे शून्य गुणांचं उत्तर आहे. मी त्या मुलाला अजून विसरलेले नाही.

अर्थात, विचित्र वाटणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला मी वेड्यात काढणार नाही. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या मुलांची एक वाचनतपासणी होते. मूल शिक्षकासमोर बसून ४० शब्द मोठ्याने वाचतं आणि त्यातले २० शब्द निरर्थक असतात. पालकांना हे खटकतं, पण त्यामागचं कारण पक्कं आहे. ओळखीचा शब्द मूल पाठांतराने किंवा अंदाजाने म्हणू शकतं. कधीच न पाहिलेला शब्द वाचायला अक्षर आणि आवाज यांची सांगड घालताच यावी लागते. याच तपासणीने दुसरीही एक गोष्ट शिकवली. पहिली दोन वर्षं उत्तीर्ण होण्यासाठी ३२ गुण लागतात हे शिक्षकांना आधीच माहीत होतं, आणि बरोबर ३२ वर मुलांची संख्या एकदम उंच उडालेली दिसली. २०१४ पासून ही रेषा आधी सांगणं बंद झालं. मायेने दिलेला एखादा गुणही आकड्यात असा उमटतो.

मुळात ही साधनं जन्माला आली ती मदतीसाठी. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धी मोजण्याची आपली मोजपट्टी मांडली, ती शाळेत कोणत्या मुलांना वेगळ्या आधाराची गरज आहे हे ओळखता यावं म्हणून. बुद्धी ही कायमची ठरलेली, न वाढणारी गोष्ट आहे या समजाला बिने यांनी १९०९ मध्ये लिहून विरोध केला होता.

आणि एखाद्या चाळणी-चाचणीने "अडचण असू शकते" असं म्हटलं तर? इथे थोडा हिशोब करू. समजा शंभर मुलांपैकी दहांना खरोखर वाचनाची अडचण आहे. चाचणी त्यातल्या आठांना पकडते. उरलेल्या नव्वदांपैकी ७२ जणांना ती योग्यच सोडून देते, पण १८ जणांवर उगाच खूण करते. खूण झालेली मुलं झाली २६, आणि खरी अडचण त्यातल्या आठांनाच. दोघं तर निसटलीच. म्हणून अशी खूण आली की घाबरून जायचं नाही आणि कागद ड्रॉवरमध्येही टाकायचा नाही. पुढची सविस्तर तपासणी मागायची. आणि चाचणी काहीही म्हणो, मूल वाचायला टाळाटाळ करतंय असं घरी सतत दिसत असेल, तर तेही शिक्षकांना सांगायचं.

बहीण दुसऱ्या आठवड्यात शाळेत गेली. बाईंनी चाचणीची पुस्तिकाच काढून समोर ठेवली. पहिल्या दोन पानांवर जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर होती. शेवटचं पान कोरं. बरोबर उत्तराखालचं छोटं वर्तुळ पेन्सिलीने भरायचं होतं, एक साधी खूणही चालली असती. माझ्या भाचीने प्रत्येक वर्तुळ गोल गोल फिरवत, कडेपर्यंत, रेषेच्या बाहेर कुठेही न जाता रंगवलं होतं.