मान्यता: होनेथ यांची आणि फ्रेझर यांची

सामाजिक मान्यतेचा, म्हणजे समाजाने माणसाला दिलेल्या मानाचा आणि स्थानाचा, विषय निघाला की जर्मन तत्त्वज्ञ अ‍ॅक्सेल होनेथ आणि अमेरिकन तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर ही नावे जोडीनेच येतात आणि दोघे एकच सांगतात असा समज होतो. दोघांचाही वारसा फ्रँकफर्टच्या चिकित्सक सिद्धांताचा, म्हणजे समाजातल्या वर्चस्वाची चिकित्सा करणाऱ्या विचारपरंपरेचा, आणि अवहेलना हाही अन्यायच आहे यावर दोघांचे एकमत. ती अन्याय का ठरते, इथे मात्र त्यांचे बिनसते. 2003 साली दोघांनी मिळून जे पुस्तक काढले, ते या वादाचेच आहे.

होनेथ यांची मांडणी 1992 ची. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचे तरुणपणी येना इथे केलेले लेखन आणि अमेरिकन विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीड यांचे सामाजिक मानसशास्त्र हा तिचा पाया. इतर लोक आपल्याला कसे वागवतात त्यातून आपले स्वतःशी असलेले नाते घडते, असे ते म्हणतात. जिवलगांच्या प्रेमातून आत्मविश्वास येतो, समान हक्कांतून आत्मसन्मान. आणि आपल्या कामाची कदर झाली की आपणही समाजाच्या उपयोगी आहोत असे वाटते. हे नाकारले गेले की माणूस दुखावतो, आणि लढ्यांना बळ मिळते ते त्या दुखावण्यातून. पैशाची भांडणेही त्यांच्या लेखी मान्यतेचीच: घर सांभाळणाऱ्या बाईचे श्रम 'काम' म्हणून मोजलेच जात नाहीत, म्हणून त्यांना मोबदला नाही.

फ्रेझर यांना मनाच्या जखमेवर न्यायाची इमारत उभी करायची नाही. कायदा, संस्था, रूढी यांमुळे कोणाला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही, एवढेच त्या विचारतात. विवाहाचा कायदा समलिंगी जोडप्यांना बाहेर ठेवतो तेव्हा त्या जोडप्यांना न्यूनगंड आला की नाही, हा मुद्दाच नाही. ती ताठ मानेने जगत असली तरी अन्याय झालेलाच आहे. उपायही त्यामुळे 'त्यांना मान द्या' असा ढोबळ राहत नाही: एक तर विवाह सर्वांना खुला करा, नाही तर लग्नाशी बांधलेले फायदे त्यापासून सोडवून सर्वांना द्या.

फ्रेझर यांचा सर्वांत जोरकस आक्षेप वंशवादाबद्दल आहे. कृष्णवर्णीयांना खालचे लेखून काही गरीब गोऱ्यांना स्वतःची किंमत वाटते. आत्मसन्मान टिकतो की नाही हीच कसोटी धरली, तर त्या वंशवादी अस्मितेलाही मान्यता द्यावी लागेल. सहभागातल्या समानतेच्या, म्हणजे सर्वांना बरोबरीने वावरता येते का या फ्रेझर यांच्या कसोटीवर ती ताबडतोब बाद होते. मला हा युक्तिवाद निर्णायक वाटतो. कोणती मागणी न्याय्य, हे ठरवायला दुःखाची तीव्रता पुरत नाही.

सगळे काही मान्यतेत बसवण्यालाही फ्रेझर यांचा विरोध आहे. सट्टेबाजीतून दोन कंपन्या एकत्र होतात, कारखाना बंद पडतो आणि कुशल गोऱ्या कामगाराची नोकरी जाते. त्याला कोणी हीन लेखलेले नसते, तरी तो उघड्यावर पडतो. म्हणून वितरण, म्हणजे पैसा आणि साधनांची वाटणी, हा प्रश्न त्या मान्यतेशेजारी स्वतंत्र ठेवतात. होनेथ यांचे उत्तर असे की बाजारसुद्धा कोणत्या कामाला किती मोल द्यायचे याच्या सामाजिक समजुतींवर चालतो. परिचारिकेच्या किंवा मोलकरणीच्या पगाराबाबत हे पटते, विलीनीकरणाबाबत मला पटत नाही.

पण होनेथ यांच्या एका आक्षेपाला मी फार महत्त्व देतो. फ्रेझर यांची सुरुवात, ते म्हणतात, अशा चळवळींपासून होते ज्यांना आधीच व्यासपीठ मिळाले आहे, नाव मिळाले आहे. ज्यांचा अपमान अजून कोणत्याही मागणीत उतरलेला नाही, घरात किंवा कामाच्या जागी गिळला जातो, त्यांच्यापर्यंत पोचायचे तर दुखावलेल्या माणसाच्या अनुभवापासूनच सुरुवात करावी लागते. समानतेची कसोटी लावायला आधी कोणीतरी तक्रार मांडलेली असावी लागते.