स्त्रीभेदनिर्मूलन करार, छळविरोधी करार आणि गोवा

स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार (सीडॉ) संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९७९ रोजी स्वीकारला, तर छळविरोधी करार १० डिसेंबर १९८४ रोजी. भारताने सीडॉचे अनुसमर्थन (म्हणजे करार स्वतःवर बंधनकारक असल्याची औपचारिक मान्यता) ९ जुलै १९९३ रोजी केले. छळविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही झाली, पण अनुसमर्थन अद्याप झालेले नाही. पोर्तुगाल दोन्ही करारांत सामील आहे, मात्र ते गोवामुक्तीनंतर. त्यामुळे त्या सह्यांचा गोव्याशी संबंध नाही.

सीडॉ मान्य करताना भारताने दोन घोषणा जोडल्या. कलम ५(अ) (स्त्रीपुरुषांविषयीच्या भेदभावी रूढी बदलणे) आणि १६(१) (विवाह व कुटुंबात समानता) पाळताना कोणत्याही समाजाच्या खाजगी बाबींत त्याच्या संमतीवाचून हात घालणार नाही, ही पहिली. सक्तीची विवाहनोंदणी तत्त्वतः मान्य, पण एवढ्या मोठ्या देशात व्यवहार्य नाही, ही दुसरी. जी नोंदणी देशाला अव्यवहार्य वाटली, ती गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालू आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १९६२ च्या कायद्याने येथे कायम राहिली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता, वारशाने आलेलीसुद्धा, एकत्र होते आणि पत्नी निम्म्याची मालकीण ठरते. घर किंवा जमीन विकायची तर तिची सही लागतेच.

हा हक्क बुडतो तो बहुधा नोंदणी कार्यालयातच. नागरी निबंधकासमोर पहिली सही होते ती फक्त लग्नाच्या इराद्याची. आक्षेपांची मुदत संपल्यावर दुसरी सही होते, तेव्हाच विवाह कायद्याने पुरा होतो. पहिल्या सहीनंतर देवळात किंवा हॉलमध्ये लग्न लागते, दुसरी सही राहून जाते आणि नवऱ्याने सोडल्यावर त्या बाईच्या हाती विवाहाचा दाखलाच नसतो. दुसरी गळती वारशात होते. मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, पण वडिलांच्या पश्चात नोटरीसमोर बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतले जाते. कागद वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नये. आणि १८८० च्या हिंदू रूढिसंहितेत, पत्नीला २५ व्या वर्षापर्यंत मूल झाले नाही तर पतीला दुसऱ्या लग्नाची मुभा देणारी तरतूद आहे. वापरात नसली तरी सीडॉच्या कलम १६ समोर ती क्षणभरही टिकत नाही. ती रद्दच व्हायला हवी.

छळविरोधी कराराच्या व्याख्येत चार गोष्टी येतात: तीव्र शारीरिक वा मानसिक वेदना, ती हेतुपुरस्सर देणे, त्यामागे कबुली, शिक्षा, धाक किंवा भेदभाव असा उद्देश, आणि सरकारी माणसाचा हात किंवा मूकसंमती. शेवटच्या अटीमुळे, घरातल्या मारहाणीची तक्रार पोलीस जाणूनबुजून टाळतात तेव्हा दोन्ही करार एकाच प्रकरणात येऊ शकतात. भारतात छळप्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण पुढे बारगळले. विधी आयोगाने २०१७ च्या २७३ व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस केली. तीही पडून आहे. त्याची किंमत परदेशात मोजावी लागते: पुरुलिया शस्त्रप्रकरणातील (१९९५ मध्ये पश्चिम बंगालमध्ये विमानातून शस्त्रे टाकल्याच्या) आरोपीला भारताच्या हवाली करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये छळाच्या धोक्यावरून नकार दिला.

म्हणून गोव्यातील कोठडीत आधार आहे तो देशी कायद्याचा. डी. के. बसू निकालाप्रमाणे (१९९६) अटकेच्या पंचनाम्यावर नातलगाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष, तारीख आणि वेळ हवी. आरोपीने मागणी केली तर त्याच्या अंगावरच्या लहानमोठ्या जखमा त्याच वेळी नोंदवून त्या कागदावर आरोपी आणि पोलीस अधिकारी अशा दोघांच्याही सह्या घ्यायच्या. अटकेपासून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे बंधनकारक. इथेच बरीच प्रकरणे ढासळतात: मारणारेच शेजारी उभे असतात, माणूस गप्प राहतो आणि चार दिवसांत वळ निवळतात. पहिल्याच रिमांडला वकिलाने तोंडी सांगून न थांबता लेखी अर्ज द्यावा. वैद्यकीय तपासणी गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा अन्य सरकारी रुग्णालयात मागावी, आणि डॉक्टरांनी जखमेची जागा, लांबी व रंग लिहावा. ‘किरकोळ जखमा’ एवढाच शेरा पुढे कोर्टात काही कामाचा नसतो.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार एका वर्षाच्या आत करावी. फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र आयोग फक्त शिफारस करतो. भरपाईचा बंधनकारक आदेश हवा असेल तर पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात रिट याचिका करावी लागते.