दोरी ओढण्याआधी: पावसाळ्यानंतर आउटबोर्ड सुरू करताना

नारळी पौर्णिमेच्या आसपास नवी मुंबईतल्या दिवाळे गावातल्या आमच्या वर्कशॉपसमोर आउटबोर्डची, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या मशीनांची, रांग लागते. "मे महिन्यात ठेवलं तेव्हा एका दोरीत लागत होतं," हे वाक्य बहुतेकांच्या तोंडी असतं आणि ते खरंही असतं. दोन-तीन महिने नुसतं उभं राहून मशीन फारसं बिघडत नाही. ते बिघडतं बाहेर काढल्यावर, पहिल्या दहा मिनिटांत.

आधी पेट्रोल

टाकीतलं जुनं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा आणि पाच मिनिटं उजेडात ठेवा. रंग चहासारखा झाला असेल, जुन्या वार्निशच्या डब्यासारखा वास येत असेल किंवा तळाशी वेगळा थर दिसत असेल, तर ते मशीनला देऊ नका. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला दमटपणा शोषतं, आणि आपल्याकडच्या जून-जुलैच्या हवेबद्दल काय सांगायचं! पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात. टाकीची नळी तळातूनच ओढते, म्हणजे मशीनच्या वाट्याला पहिला घोट तोच. त्या थरात टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं वंगण) जवळजवळ नसतं, त्यामुळे टू-स्ट्रोक मशीन चुकून लागलंच तर पिस्टन कोरडा घासतो. म्हणून न लागलेलं मशीन परवडलं.

कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून तिथलंही काढा. मग ताजं पेट्रोल भरा. ५०:१ चं मशीन असेल तर लिटरला २० मिली ऑइल. जुन्या मशीनांचं प्रमाण वेगळं असतं, पुस्तकात बघून घ्या. काढलेलं पेट्रोल खाडीत ओतू नका. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, पण ते सोडा, जिताडा आणि कोळंबी आपण याच पाण्यातून काढतो. आमच्याकडे पिंप ठेवलंय, त्यात आणून टाका.

तरीही लागत नाही?

हसू नका, पण आधी मशीन झटक्यात बंद करणाऱ्या लाल दोरीची क्लिप जागेवर आहे का ते बघा. ती घरी खुंटीला राहिली म्हणून मशीन टेम्पोत घालून आणणारे दरवर्षी भेटतात. गिअर न्यूट्रलला हवा, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा हवा. मग रबरी बल्ब दाबा. त्यावरचा बाण मशीनकडे पाहिजे. कितीही दाबला तरी बल्ब कडक होत नसेल, तर नळीत कुठेतरी हवा शिरतेय. बहुतेक वेळा जोडावरची रबरी रिंग वाळलेली असते.

एवढं करूनही नाही लागलं तर प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, म्हणजे ठिणगीकडे बघा. कोरडा असेल तर कार्बोरेटरचा जेट चोंदलाय. जेट तारेनं खरवडू नका, भोक मोठं होतं आणि मग तो बदलावाच लागतो.

न्यूट्रलला असूनही दोरी हलतच नसेल तर जोर लावू नका. प्लगच्या भोकातून दोन चमचे टू-टी ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी वरचं चाक हातानं हळू फिरवून बघा. नाही फिरलं तर तसंच आमच्याकडे आणा.

पाण्याची धार

मशीन कोरडं चालवून बघू नका, अर्धा मिनिटसुद्धा नाही. आतल्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर (पाणी खेचणारं चाक) रबराचा असतो आणि पाणीच त्याचं वंगण. २०० लिटरच्या पिंपात, पंख्यावरची आडवी पट्टी बुडेल इतक्या गोड्या पाण्यात, न्यूट्रलवर चालवा. अर्ध्या मिनिटात मागून धार आली नाही तर बंद करा. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं नवा इंपेलर बसवला तरी धार येईना. धारेच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं! तंगूसच्या (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या) जाड तुकड्यानं ते दोन मिनिटांत मोकळं झालं.

तंगूसवरून आठवलं: पंखा काढून शाफ्टभोवती तो गुंडाळला गेलाय का बघा. तो सील कापतो. खालचं गिअर ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय असं समजा. ऑइल नुसतं बदलून भागत नाही, सील बदलावा लागतो.

पहिली फेरी

भरती चढत असताना घ्या, वल्ही बरोबर ठेवा. मशीन बंद पडलं तर भरती आत ढकलते, ओहोटी बाहेर बंदराकडे ओढून नेते. शिवाय ओहोटीच्या उथळ पाण्यात मशीन चिखल ओढतं आणि साफ केलेला पंप पुन्हा भरतो.

वर्कशॉपला येताना नुसतं मशीन आणू नका. टाकी, नळी आणि बल्बही आणा. निम्मे दोष तिथेच सापडतात, आणि तुमचा एक हेलपाटा वाचतो.