कॉल ट्रेसिंग

प्रोग्राम चालू असताना कोणते फंक्शन किंवा मेथड कोणी, कोणत्या क्रमाने आणि कोणती आर्ग्युमेंट देऊन बोलावली, तिने काय परत केले, याची नोंद ठेवण्याची डीबगिंगमधील पद्धत. बॅकट्रेस (प्रोग्राम थांबलेल्या क्षणीची कॉलची यादी) वेगळा. त्यात फक्त त्या क्षणी अपूर्ण असलेले कॉल दिसतात; चुकीची किंमत मागे ठेवून संपलेले फंक्शन त्यात सापडत नाही. ट्रेसमध्ये, म्हणजे अशा नोंदीत, ते सापडते (→ म्हणजे प्रवेश, ← म्हणजे परत येणे) :

→ एकूण(१०००)
  → सवलत(१०००)
  ← सवलत ९००
  → कर_जोडा(९००)
    → सवलत(९००)
    ← सवलत ८१०

सवलत दोनदा लागली आणि दुसऱ्यांदा ती कर_जोडा या फंक्शनने लावली, हे समासावरूनच (ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून) कळते. म्हणून प्रत्येक प्रवेशाला समास एक पायरी वाढवावा, बाहेर पडताना कमी करावा. एक्सेप्शन आले तरी समास कमी झालाच पाहिजे, त्यामुळे पायथॉनमध्ये ते काम ‘फायनली’त (एक्सेप्शन आले तरी चालणाऱ्या भागात) ठेवतात, नाहीतर पुढची सगळी नोंद खोटी खोली दाखवते. नोंद एसटीडीएररवर (चुकांच्या संदेशांच्या आउटपुटवर) पाठवावी. फाइलकडे वळवलेले एसटीडीआउट (नेहमीचे आउटपुट) बफरमध्ये, म्हणजे मेमरीत तात्पुरते, साठते, प्रोग्राम क्रॅश झाला की शेवटच्या ओळी जातात आणि शोध भलत्याच जागी सुरू होतो.

मूळ कोड न बदलताही ट्रेस मिळतो. पायथॉनचे सिस.सेटट्रेस कॉल, ओळ, रिटर्न आणि एक्सेप्शन या घटना कळवते, पण सीमध्ये लिहिलेली फंक्शन त्याला दिसत नाहीत, त्यांच्यासाठी सिस.सेटप्रोफाइल वापरावे. दोन्ही फक्त चालू थ्रेडपुरती (प्रोग्राममधील एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी त्या एकापुरती) असतात. जीसीसी या सी कंपाइलरमध्ये ‘-एफइन्स्ट्रुमेंट-फंक्शन्स’ दिल्यास प्रत्येक प्रवेशाला आणि निर्गमाला आपले हूक (त्यासाठी आपण लिहिलेले फंक्शन) बोलावले जाते व त्याला दोन पत्ते मिळतात : फंक्शनचा आणि कॉल जिथून आला तिथला. ‘-जी’ (डीबगिंगची माहिती ठेवण्याचा पर्याय) देऊन कंपाइल केले असेल तर अ‍ॅडर२लाइन त्यांवरून नाव व ओळ देते. हूकवर ‘नो इन्स्ट्रुमेंट फंक्शन’ हे अ‍ॅट्रिब्यूट विसरले, तर ते स्वतःलाच बोलावत राहते आणि स्टॅक भरतो. एसट्रेस हे साधन प्रोग्रामची फंक्शन नव्हे, तर त्याने कर्नलला केलेले सिस्टिम कॉल आणि त्याला आलेले सिग्नल दाखवते. लिनक्स कर्नलच्या आतले कॉल पाहायला २००८ पासून (आवृत्ती २.६.२७) एफट्रेस आहे.

मेथडच्या बाबतीत आर्ग्युमेंट छापणेच सर्वांत धोक्याचे. कन्स्ट्रक्टरच्या प्रवेशाला ‘सेल्फ’ छापायला गेल्यास ऑब्जेक्टची फील्ड अजून भरलेली नसतात, आणि त्याची रेप्र मेथड (ऑब्जेक्टचे छापण्याजोगे रूप देणारी) तिथेच अ‍ॅट्रिब्यूटएरर देते. प्रवेशाला क्लासचे नाव आणि आयडी पुरेसे आहेत.

सगळेच ट्रेस करू नये. एक मॉड्यूल किंवा एक रिक्वेस्ट निवडावी, प्रत्येक ओळीत थ्रेडचा क्रमांक घालावा. ट्रेसमुळे प्रोग्राम मंदावतो, थ्रेडांची वेळ बदलते आणि रेस कंडिशन (थ्रेडांच्या क्रमावर अवलंबून असलेली चूक) दिसेनाशी होऊ शकते. डीबगरमध्ये फंक्शनवर ठेवलेला ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लागलाच नाही, तर ऑप्टिमायझेशनने ते फंक्शन इनलाइन केले असेल, म्हणजे त्याचा कोड बोलावणाऱ्यातच मिसळला असेल. ‘-ओ०’ने (ऑप्टिमायझेशन बंद ठेवून) पुन्हा कंपाइल करून पाहावे.