कला शाखा आणि कलाशाळा: एका दुराव्याची पार्श्वभूमी

दहावीनंतर मुलगी ‘आर्ट्सला गेली’ असे म्हटले, तर ती चित्रे काढायला गेली असे मराठी घरात कोणालाही वाटत नाही. तालुक्याच्या ‘कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालया’च्या पाटीवरचा पहिला शब्द इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मराठी यांच्यासाठी असतो, त्या इमारतीत रंगाचा वास येणारी खोली सहसा सापडत नाही. ज्यांना खरोखर चित्र किंवा शिल्प शिकायचे आहे ते ‘आर्ट स्कूल’ला जातात, आणि तिथे इतिहासाचे किंवा तत्त्वज्ञानाचे पूर्णवेळ शिक्षक नसतात. चार वर्षांच्या नव्या पदवी-रचनेत चित्रकलेच्या विद्यार्थ्याने इतर विद्याशाखांतले विषयही घ्यावेत, असे आता सांगितले जात आहे. ही सूचना नवी वाटत असली, तरी तिच्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा गुंता आहे.

मुंबईपुरते बोलायचे, तर त्या गुंत्याचे दोन्ही धागे एकाच वर्षी सुरू झाले. जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये देऊ केलेल्या एक लाख रुपयांतून चित्रकलेचे वर्ग (हीच पुढची ‘जे.जे.’ कलाशाळा) मार्च १८५७ मध्ये उघडले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. वर्ग सुरुवातीला एल्फिन्स्टन संस्थेच्या वास्तूत भरत होते, म्हणजे इंग्रजी साहित्य आणि गणित शिकणारी मुले व रेखाटन शिकणारी मुले काही काळ एकाच छपराखाली होती. तरीही दोघांची प्रयोजने पहिल्यापासून निराळी होती. विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेऊन पदव्या देणार होते. चित्रशाळेकडून मात्र देशी कारागिरी सुधारावी, नक्षीकाम, मातीकाम आणि इमारतींवरील शिल्पकाम करणारे हात तयार व्हावेत, एवढीच अपेक्षा होती. १८७८ मध्ये चित्रशाळा स्वतःच्या इमारतीत गेली आणि अंतर पक्के झाले.

मधला मोठा काळ येथे ओलांडतो, कारण शिक्षणाच्या रचनेत त्या काळात मूलभूत बदल झाला नाही. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. शाळाशाळांतून आजही लाखो मुले ज्या ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ परीक्षांना बसतात, त्यांचा साचा कारागिराचा हात घडवण्याच्या त्याच वळणाचा आहे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन या कागदांत हात, डोळा आणि पट्टी यांची कसोटी लागते. एखाद्या चित्राकडे पाहून त्याविषयी चार वाक्ये लिहिण्याची वेळ मुलावर येत नाही. चित्र काढता येणे आणि चित्राविषयी विचार करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मूल तेराव्या-चौदाव्या वर्षीच शिकून घेते.

विद्यापीठाच्या आवारातच कलाशिक्षण रुजवण्याचे दोन प्रयत्न महाराष्ट्राबाहेर झाले. शांतिनिकेतनात १९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले, आणि पुढे तिथले विश्वविद्यालय त्याच्याभोवती वाढले. मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे तो बडोद्याचा प्रयोग. १९४९ मध्ये तिथे विद्यापीठ स्थापन झाले आणि दुसऱ्याच वर्षी ललित कलांची स्वतंत्र विद्याशाखा उघडली. चित्रकला विभागाची धुरा मराठी चित्रकाराकडे आली. कलेतिहास आणि सौंदर्यशास्त्र हे विषय तिथे तोंडी लावण्यापुरते ठेवलेले नव्हते; कलासमीक्षेचा विभागच उभा राहिला. पदवीचे नावही लक्षात घेण्यासारखे आहे. बडोद्याची जुनी पदवी ‘बी.ए. (फाइन)’ होती. साहित्याच्या पदवीधराच्या नावापुढे जी अक्षरे लागत तीच चित्रकाराच्या नावापुढे, फरक केवळ कंसातला. पुढे ही अक्षरे बदलली आणि दृश्यकलेची वेगळी पदवी आली. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या बदलात काहीतरी हरवले.

मुंबईत नेमका याच काळात प्रवाह उलटा वाहत होता. १९५८ मध्ये जे.जे.चे विभाजन झाले. वास्तुकला आणि उपयोजित कला (जाहिरात, मुद्रण अशा व्यवसायांसाठीची कला) यांच्या स्वतंत्र संस्था झाल्या, चित्रकला आणि शिल्पकला मूळ शाळेत राहिली. १९६५ मध्ये राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले आणि कलाशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्रे हा सारा व्यवहार विद्यापीठाबाहेर एका सरकारी खात्याकडे एकवटला. त्या व्यवहाराचे मुख्य नाणे म्हणजे ‘जी.डी. आर्ट’, अर्थात शासकीय कला पदविका.

या पदविकेविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती फिरला. शालान्त परीक्षेनंतर पायाभूत वर्ष आणि त्यापुढील अभ्यासक्रम पूर्ण करणारा विद्यार्थी विशीच्या उंबरठ्यावर व्यवसायात उतरत असे. सोळाव्या वर्षापासून रोज सकाळी ड्रॉइंग बोर्ड समोर घेऊन बसल्याने त्याच्या हाताला जी सफाई येई, तिच्याबद्दल जुने शिक्षक आजही हळहळून बोलतात. पण सरकारी पदविका ही विद्यापीठीय पदवी नव्हे. तिच्या बळावर पदव्युत्तर शिक्षणाची दारे सहज उघडत नसत, वेतनश्रेणी ठरवताना ती खालच्या पायरीवर मोजली जाई, आणि बँकेच्या अर्जातल्या ‘पदवीधर’ या रकान्यात चांगला चित्रकारही बसत नसे.

१९८१ मध्ये जे.जे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले आणि पदविकेची जागा बी.एफ.ए. या ललित कलेच्या पदवीने घेतली. या निर्णयाचे वर्णन बहुतेक वेळा प्रतिष्ठेच्या भाषेत केले जाते: कलाकाराला अखेर पदवीधराचा दर्जा मिळाला, असे. ते खोटे नाही. परंतु विद्यापीठाशी जोडले जाण्याचा दुसरा अर्थ, म्हणजे विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या इतर विद्यांशी जोडले जाणे, हा मात्र बाजूलाच राहिला. चित्रकलेचा विद्यार्थी फोर्टातल्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाच्या वर्गात बसू लागला नाही, आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी मातीकामाच्या खोलीत आला नाही. परीक्षेच्या दिवशी भिंतीला टेकवून ठेवलेली कामे, मागे चिकटवलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या आणि यादी हातात घेऊन एका कामाकडून दुसऱ्याकडे सरकणारे परीक्षक, हे दृश्य पदविकेच्या काळात जसे होते तसेच पदवीच्या काळातही राहिले. बारावीची अट आल्याने प्रवेशाचे वय दोन वर्षांनी वाढले. त्या दोन वर्षांत विद्यार्थ्याने ज्या शाखेतून बारावी केली, तेवढेच त्याचे ‘सामान्य शिक्षण’ ठरले.

दरम्यान राज्यातील खासगी कला महाविद्यालयांत जी.डी. आर्ट दीर्घकाळ चालूच राहिली. त्यामुळे सारखेच काम करणारे, एकाच प्रदर्शनात शेजारी चित्रे लावणारे दोन चित्रकार, एक पदविकाधारक आणि एक पदवीधर, अशी उतरंड तयार झाली. अध्यापनाच्या पदांसाठी पुढे पदव्युत्तर पदवी आणि नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा यांचा आग्रह आला. नियमांत नावाजलेल्या व्यावसायिक कलावंतांसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे, हे खरे. पण नेहमीचा रस्ता प्रमाणपत्रांचाच झाला.

संगीतातही हेच घडले, जरा वेगळ्या पद्धतीने. लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू झाले, त्यातून उभ्या राहिलेल्या परीक्षांच्या साखळीत ‘विशारद’ ही पायरी पदवीच्या बरोबरीची मानावी की नाही, यावर अनेक पिढ्यांनी अर्जविनंत्या केल्या. नाट्यशिक्षणात तर उलट टोकाचे उदाहरण आहे. दिल्लीतील राष्ट्रीय नाट्यविद्यालयाला २००५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतःच पदव्या देऊ शकणाऱ्या संस्थेचा, दर्जा मिळाला आणि संस्थेच्याच मागणीवरून तो २०११ मध्ये काढून घेण्यात आला. विद्यापीठाच्या चौकटीत आपले प्रशिक्षण बसत नाही, असे एखादी संस्था उघडपणे म्हणू शकते, हे त्यातून दिसले. आपल्याकडच्या चर्चेत हे उदाहरण फारसे घेतले जात नाही.

शब्दांचा गोंधळ या साऱ्याच्या मुळाशी आहे. पुणे विद्यापीठातील १९८७ चे ‘ललित कला केंद्र’ संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवते, तर दिल्लीची ‘ललित कला अकादमी’ चित्र-शिल्पाचे पाहते. ‘लिबरल आर्ट्स’साठी तर मराठीत धड शब्दच रुजलेला नाही. ‘उदारमतवादी शिक्षण’ म्हटले की राजकीय मत डोकावते, ‘मुक्त’ म्हटले की मुक्त विद्यापीठ आठवते. रोमन जगात या विद्या स्वतंत्र नागरिकाला शोभणाऱ्या मानल्या जात, आणि मध्ययुगात त्यांच्या ठरलेल्या सातांत व्याकरण, तर्क, भूमिती, संगीत होते. चित्रकार मात्र हातकाम करणाऱ्यांत मोजला जाई. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हा पेच एका वाक्यात सोडवला: बाणभट्टाच्या कादंबरीतील चौसष्ट कलांचा दाखला देऊन, आज ज्याला लिबरल आर्ट्स म्हणतात ती कल्पना मुळात भारतीयच असल्याचे सांगितले. कामसूत्रातील चौसष्टांच्या यादीत आलेख्य म्हणजे चित्रकला आहे, तक्षण म्हणजे सुतारकाम आहे, वास्तुविद्या आहे, पोपट-मैनांना बोलायला शिकवणेही आहे. यादी सुंदर आहे आणि हाताच्या व बुद्धीच्या कामांत ती भेद करत नाही, हे मान्य. पण सुतार आणि चित्रकार एका यादीत असणे वेगळे, आणि ते एका वर्गात बसणे वेगळे.

२०१६ च्या राज्य विद्यापीठ कायद्यानंतर विद्याशाखा चार झाल्या. ललित कला त्यांतील मानव्यविद्येत गेली नाही. बहुतेक ठिकाणी ती शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, समाजकार्य यांच्यासोबत ‘आंतरविद्याशाखीय’ या चौथ्या गटात ठेवण्यात आली. पुढे जे.जे.ने राज्य विद्यापीठ व्हावे की अभिमत, यावर आजी-माजी विद्यार्थ्यांत आणि शिक्षकांत बराच वाद झाला. शुल्क, आरक्षण, सरकारी नियंत्रण आणि इमारतींची मालकी हे त्या वादाचे मुद्दे होते. चित्रकाराने काय वाचावे हा मुद्दा क्वचितच आला. २०२३ मध्ये अभिमत दर्जा मिळाला, आणि १९५८ मध्ये वेगळ्या झालेल्या चित्र-शिल्प, उपयोजित कला व वास्तुकला पुन्हा एका नावाखाली आल्या. त्याबरोबरच, भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या मुंबई विद्यापीठाशी १९८१ मध्ये जोडलेली संलग्नता मात्र सुटली.