गर्दचं व्यसन कोकणात कुठल्या वाटेनं आलं

2023 च्या ऑगस्टमध्ये दापोलीकडच्या किनाऱ्यांवर, कर्दे, लाडघर, केळशी वगैरे, पाकिटं वाहून आली तेव्हा जो तो त्याबद्दलच बोलत होता. पण ती चरसची पाकिटं होती, चरस गांजाच्या झाडाचा, अफूशी त्याचा काही संबंध नाही. अफू आणि तिच्यापासून बनणारं हेरॉईन, म्हणजे गर्द, ही आपल्याकडची वेगळी आणि बरीच जुनी गोष्ट आहे.

19 व्या शतकात माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. इंग्रजांना चुकवून पोर्तुगीजांच्या दमणमधूनही पुष्कळ निघायची, तो माल सिंधमार्गे दमणला यायचा, त्यामुळे 1843 ला सिंध इंग्रजांनी घेतलं तशी ती वाट बंद पडली. मुंबईतल्या मोठमोठ्या व्यापाऱ्यांनी या धंद्यात पैसा केला, आणि आपल्या लोकांच्या वाट्याला अफू आली ती चाळीतल्या खोलीत. गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका, त्यात रत्नागिरी जिल्ह्यातनं गेलेल्या कितीतरी असणार, पाळीला जाताना तान्ह्या पोराला बाळगोळी द्यायच्या, म्हणजे अफूचीच गोळी, पोर दिवसभर निजून राहायचं. त्या बायांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, बाळाला सांभाळायला कोणी नाही आणि खाडा केला तर पगार नाही, काय करणार होत्या त्या?

1979 नंतर इराण, अफगाणिस्तानात उलथापालथ झाली आणि त्या पट्ट्यातलं हेरॉईन मुंबईत उतरायला लागलं, ब्राऊन शुगर, आपल्याकडे त्याला गर्द म्हणायला लागले. 1982 चा गिरणी संप पण त्याच सुमाराचा, घरंच्या घरं बसली होती. 1985 ला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला, 1986 ला पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पुलं आणि सुनीताबाईंनी त्याला मदत केली. व्यसनमुक्तीचंच काम करणारं कृपा फाउंडेशन 1981 पासून वांद्र्याला होतंच. म्हणजे उपचार उभे राहिले ते मुंबई-पुण्यात, आणि पोरं मात्र गावी यायला लागली.

कारण चाकरमान्याच्या घरात पोरगा बिघडला की पहिला सल्ला एकच, गावाला नेऊन ठेवा, हवा बदलली की सुधारेल. गावात त्याला टर्की लागायची, म्हणजे माल बंद झाल्यावर अंग मोडून येतं, उलट्या, जुलाब, झोप नाही, आणि घरच्यांना वाटायचं काहीतरी बाहेरचं लागलंय, मग गाऱ्हाणं घाल, देवाला कौल लाव. महिना-दोन महिन्यांनी अंगावर मास धरलं की परत मुंबईला पाठवायचे. आणि खरा धोका इथेच असतो, मधल्या काळात शरीराची सवय गेलेली असते, पोरगा जुन्याच मापानं माल घेतो आणि श्वास बंद पडतो. वेळेत नॅलोक्सोन, म्हणजे या नशेवरचा उतारा, मिळालं तर माणूस वाचू शकतो, हे तेव्हा गावात कोणाला ठाऊक असणार.

आता तर रत्नागिरीतच ब्राऊन हेरॉईनच्या पुड्या पकडल्याच्या बातम्या येतात. देशात 77 लाख लोकांना अफूवर्गीय, म्हणजे अफू, हेरॉईन वगैरेंच्या व्यसनासाठी मदत लागते असं एम्सच्या 2019 च्या अहवालात आहे.

व्यसन लगेच सुटलं नाही तरी त्याचं नुकसान कमी करायचं काम मुंबईत नव्वदच्या दशकात सुरू झालं, संकल्प सारख्या संस्थांनी नशा टोचून घेणाऱ्यांना सुया बदलून द्यायला घेतल्या कारण एकच सुई फिरली की एचआयव्ही पण फिरतो. पुढे 2007-08 च्या सुमारास नाकोनं, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेनं, ओएसटी हातात घेतली, म्हणजे हेरॉईनच्या जागी औषध देऊन करायचा उपचार, ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची गोळी जिभेखाली, रोज केंद्रावर जाऊन, कर्मचाऱ्यासमोर. बरेच जण म्हणतात ही नशेच्या जागी नशाच झाली, मला ते अजिबात पटत नाही, टर्की थांबते, चोरी थांबते, माणूस कामाला जातो, अजून काय पाहिजे. पण "रोज केंद्रावर" हे कोकणात जमायचं कसं? गुहागरच्या एखाद्या वाडीतल्या पोरानं रोज एसटी पकडून किती लांब जायचं, आणि ज्याला पहाटे बोटीवर जायचंय त्यानं काय करायचं?

2020 च्या लॉकडाऊनमध्ये नाकोनं काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला परवानगी दिली होती, आणि मला वाटतं आपल्याकडची सुरुवात तिथूनच करायला हवी, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातनं आठवड्याच्या गोळ्या. पोलिसांच्या भीतीनं घरचे लपवतात ते वेगळंच, पण एनडीपीएसच्या 64अ कलमात थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यातनं सूट मिळू शकते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची फुकट हेल्पलाईन 14446 आहे.