सिगारच्या पेटीतलं हवाना

सिगार घरी कसा जपावा असं कुणाही दर्दी माणसाला विचारा, उत्तर ठरलेलं : सत्तर-सत्तर. हवेत ७० टक्के दमटपणा आणि ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २१ अंश सेल्सिअस तापमान. मुंबई-पुण्यातही हाच मंत्र जपला जातो आणि बऱ्याचदा सिगार त्यामुळेच बिघडतात. हा आकडा कुठून आला ते पाहिलं की कारण कळतं.

१४९२ मध्ये कोलंबसच्या ताफ्यातले रोद्रिगो दे हेरेस आणि लुइस दे तोर्रेस क्युबात उतरले, तेव्हा तिथले तायनो लोक पानांची सुरळी पेटवून धूर घेत होते. साठवणीची फिकीर त्यांना नव्हती. तंबाखूचं पान हवेतला ओलावा पितं आणि सोडतंही. क्युबाच्या दमट हवेत ते आपसूक लवचिक राहतं. अडचण आली ती पान समुद्रापार गेल्यावर. अठराव्या शतकात क्युबाचं पान सेव्हिलच्या सरकारी कारखान्यात जाई आणि सिगार तिथे वळले जात. १८१७ मध्ये स्पेनच्या राजाने तंबाखूवरची मक्तेदारी उठवली आणि हवानातच कारखाने उभे राहू लागले. आता पानाऐवजी तयार सिगार जहाजावर चढू लागला, आणि तो जास्त नाजूक. वरचं पान एकदा तडकलं की संपलं.

सिगारसाठी लाकडी पेटी रूढ करण्याचं श्रेय सहसा हवानातल्या उपमान या जर्मन बँकर घराण्याला देतात. त्यांचा सिगारचा छाप १८४४ चा. पेटीचं लाकूड ‘स्पॅनिश सीडर’ म्हणून ओळखलं जातं, पण ते स्पॅनिशही नाही आणि सीडरही नाही. खरा सीडर म्हणजे आपला देवदार. हे झाड अमेरिका खंडातलं, महोगनीच्या आणि कडुनिंबाच्या कुळातलं. सह्याद्रीत सापडणारा तूण त्याचा इतका जवळचा भाऊबंद, की वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी दोघांना एकाच प्रजातीसमूहात घालत. हे लाकूड ओलावा धरतं, सहसा वेडंवाकडं होत नाही आणि त्याचा वास तंबाखूशी भांडत नाही. बेसुमार तोडीमुळे आता त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

नुसत्या पेटीने लंडनचा हिवाळा मात्र निभत नव्हता. शेकोटीने तापवलेल्या खोलीतली हवा इतकी कोरडी, की सिगार काही दिवसांत कुरकुरीत व्हायचे. सुगंधी तेलं एकदा उडाली की मागाहून ओलावा देऊनही ती परतत नाहीत. मग दुकानदारच गिऱ्हाइकांचा साठा सांभाळू लागले. आल्फ्रेड डनहिलने १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं. १९४१ च्या बाँबहल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं, तेव्हा व्यवस्थापकाने अपरात्री चर्चिलना फोन करून ‘तुमचे सिगार सुखरूप आहेत’ असं कळवल्याची आख्यायिका आहे. खरी असो-नसो, सांगण्यासारखी आहे! जिनिव्हात झिनो दाविदोफने दुकानाच्या तळघरातच हवानाची हवा राखायचा घाट घातला. घरातला ह्युमिडर, म्हणजे ओलावा राखणारी सिगारची पेटी, ही त्या तळघराचीच लहान प्रत. सत्तर-सत्तर हा आकडाही असाच : क्युबाची हवा कोरड्या, थंड घरात उसनी आणण्याचा.

या पेटीला प्रतिष्ठा आली ती अमेरिकेत. फेब्रुवारी १९६२ मध्ये केनेडींनी क्युबाशी व्यापार बंद केला. त्याआधी त्यांनी आपल्यासाठी क्युबन सिगार मागवले, तब्बल १,२०० मिळाले आणि मगच सही झाली, असं त्यांचे प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर यांनी पुढे सांगितलं. विनोदी नट मिल्टन बर्लने केनेडींना दिलेला ह्युमिडर १९९६ च्या लिलावात ५,७४,५०० डॉलरला गेला. नव्वदीच्या त्या सिगारवेडात मध्यमवर्गीय घरांतही पेट्या पोचल्या.

पेटीत आधी ओला स्पंज असे. तो फक्त पाणी सोडतो, परत घेत नाही. पुढे पाण्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल हे ओलावा धरणारं द्रव्य मिसळू लागले आणि नंतर क्षारांच्या द्रावणाच्या पुड्या आल्या. या पुड्या हवा कोरडी असली तर ओलावा देतात, जास्त झाला तर शोषतात. तत्त्व जुनंच. मिठात पाण्याचे थेंब घालून ओल्या वाळूसारखं केलं, की बंद जागेत दमटपणा ७५ टक्क्यांवर स्थिरावतो. बाटलीच्या झाकणात असं मीठ आणि शेजारी दमटपणा मोजायचा काटा, दोन्ही घट्ट पिशवीत रात्रभर ठेवलं तर काटा खरं बोलतो का ते सकाळी कळतं.

आता आपल्याकडचं. जुलैतल्या मुंबईत बाहेरच ८५ टक्क्यांच्या आसपास दमटपणा असताना पेटीत स्पंज भिजवून ठेवणं म्हणजे सादळलेल्या पापडावर पाणी शिंपडणं. बुरशी ठरलेली. तिथे पेटीचं काम ओलावा बाहेर ठेवायचं, त्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि दमटपणा ६५ टक्क्यांवर राखणारी पुडी बरी. एप्रिलच्या दुपारी पुण्यात मात्र लंडनच्या हिवाळ्यासारखीच कोरड, तिथे जुनी रीत चालते. फ्रिज दोन्हीकडे नको. तो पान सुकवतो आणि कालच्या रश्श्याचा वास लावतो.

तापमानाचं दुखणं दोन्ही शहरांत सारखंच. पारा २४-२५ च्या वर राहिला की पानात दडलेली तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी फुटतात आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. हळद, धने, मिरचीलाही हाच किडा लागतो, त्यामुळे सांगलीच्या हळदवाल्यांना तो परका नाही. त्यावर इलाज म्हणजे नवे सिगार घट्ट पिशवीत घालून तीन दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणि त्यानंतर पेटीत. फ्रिजला एवढीच मुभा.